धोंड्याच्या वाणातली गाडी

यंदा धोंड्याचा महिना लागायच्या आधीच आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घरात जाहीर केलं की जावयाला वाण म्हणून आपली जुनी गाडी द्यायची. लोक अनारसे देतात, तांब्याचा दिवा देतात, फार झालं तर अंगठी. आमच्याकडं गाडी. आणि त्याच दमात माझ्याकडं वळून म्हणाले, "तिच्या पट्ट्या लई काळवंडल्यात. तेवढ्या चमकवून ठेव." आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

आप्पांनी ती तरुणपणी भूमच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. दोन्ही अंगांना, काचांच्या कडंनी आणि बॉनेटच्या मधोमध ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. दर दसऱ्याला ती धुवायची मी, झेंडूचा हार ओवायचा मी, आणि चालवायचे आप्पा. आक्काच्या लग्नात दाजींची वरात त्याच गाडीतून निघाली. माझ्या लग्नात मात्र "इंजिन गरम व्हतंय" म्हणून मला भाड्याच्या जीपमध्ये बसवलं. एवढी वर्षं मी एकच आशा धरून होतो, आप्पांच्या मागं तरी ही गाडी आपली. आता तीच दाजींच्या पदरात पडणार होती. मला दाजींचा हेवा वाटला, असं सभ्य भाषेत म्हणता येईल. खरं सांगायचं तर मी नुसता जळलो. आयत्या बिळावर नागोबा.

तरी काम घेतलं. न घेऊन जातो कुठं? पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचं माझं दुकान आहे. तिथल्याच एका मोटारीला पॉलिशचं कापडी चाक बसवलं. गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून पट्टीखाली लाकडाची पातळ चीप सारून एकेक पट्टी सोडवली आणि घासायला बसलो. पण पट्टीवर एक जुना, कडक, पिवळट थर होता. घासायचा वॉटरपेपर झिजला, थर हटंना.

मग आईनं हात लावला. मी दुकानात गेल्यावर तिनं चुलीतली राख आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि सगळ्या पट्ट्या त्यात बुडवून ठेवल्या. का, तर जळकं भांडं असंच निघतं. मी येऊन बघतो तर पट्ट्या तव्यासारख्या काळ्याठिक्कर. "जावयासाठी आता तू बी जीव टाक," असं मी तिला तोडून बोललो. ती म्हणाली, "घासून तर बघ आधी." घासलं, तर त्या काळ्यासंगं तो पिवळा थरही निघून आला. खाली उघडा, मऊ धातू. आईची चूक लागू पडली होती, पण मी तिला तसं काही बोललो नाही. मी रागात होतो.

मग पट्ट्यांवरचे पोचे मागच्या बाजूनं लाकडी मोगरीनं ठोकून हळूहळू बसवले. आधी जाडा वॉटरपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी फिरत्या चाकाला पॉलिशचा साबण लावून पट्टी धरायची. आधी काळा चिकट मळ सुटतो, तो पुसला की खालून झळाळी येते. आप्पा बाजंवर बसून बघायचे. "तिथं डाग राहिलाय. पाव्हण्यांच्या नजरंला पडंल." ड्रायव्हरच्या बाजूची एक पट्टी मुद्दाम तशीच मळकी ठेवावी असं चार वेळा मनात आलं. दाजींना रोज दिसली असती. पण हात ऐकंना. तीच पट्टी सगळ्यात झकास झाली.

धोंड्याच्या जेवणाला दाजी आणि आक्का आले. आईनं दोघांना ओवाळलं, आप्पांनी अनारशांच्या ताटात किल्ली ठेवून ताट दाजींच्या हातात दिलं. दाजी माणूस वाईट न्हाईत, हाच तर खरा त्रास. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, त्या ड्रायव्हरच्या बाजूच्या पट्टीवरनं बोट फिरवलं आणि आप्पांना म्हणाले, "मामा, हे काम कुणाचं? गाडी नवी दिसतीय." मी मागंच पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मान्य करतो, माझी छाती फुगली. आप्पा म्हणाले, "कारागीर लावला होता. बाहेरचा."

जावयाचं वाण घरच्या पोरानं घासून दिलं, हे सांगायला त्यांना कमीपणा वाटला. एवढं मला कळतं. आप्पांचा जन्म जावयाचा मान राखण्यातच गेला. पण गाडी दिली ती दिली, माझं कामही देऊन टाकलं.

पंगतीला दाजी आणि आप्पा शेजारी बसले. मी वाढत होतो. पुरणाचे धोंडे, वर तूप. दाजींच्या डोक्यातनं पट्ट्या गेल्या नव्हत्या. मला म्हणाले, "त्या कारागिराचा नंबर देऊन ठेवा. आमच्या भावाची बी एक जुनी गाडी पडून हाय."

आप्पा खाली मान घालून जेवत राहिले.

"वारला तो," मी म्हणलं.

"अरेरे. कधी?"

"मघाशीच. गाडीपाशी."

दाजींना काही उमगलं नाही. आप्पांचा हात मात्र ताटातच थांबला. मी दाजींना आणखी एक धोंडा वाढला, त्यावर तुपाची धार धरली, आणि आप्पांना न वाढताच पुढं गेलो.