ज्याचं विष त्याला लागत नाही

धानाच्या रोगांच्या लॅबमध्ये कसले आलेत किस्से, असं लोक म्हणतात. बुरशी बोलत नाही, पळत नाही. पण शहापूरजवळच्या आमच्या लॅबमध्ये माणसं तीनच: मेश्राम मॅडम, मी टेक्निशियन आणि काचेची भांडी धुणारे शालिकभाऊ. चहाला बसलो की एका किश्श्यातून दुसरा निघतोच.

एकदा करडीहून एक बाई धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, घेऊन आल्या. काही रोपं बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. बाई खूश होत्या.

"माह्या धानाच्या बांधीत हेच जोमात हायेत. याचंच बियाणं ठेवू का?"

मॅडमनी बुंध्याजवळचा पांढरा थर पाहिला. "बुरशीनं ओढून उंच केलेत, ताई. जे उंच हायेत, तेच मरतीन."

बाईंनी ती रोपं परत हातात घेतली नाहीत. टेबलावरच सोडून गेल्या.

०

त्या रोपांतली बुरशी आम्ही पाण्यात वाढवली आणि पाणी गाळून घेतलं. बुरशीचा कणही त्यात उरला नव्हता. त्याचे थेंब चांगल्या रोपांना दिले, तर संध्याकाळपर्यंत रोपांनी माना टाकल्या. मातीतल्या दुसऱ्या एका बुरशीवर टाकले, तीही वाढायची थांबली. मग विष जिचं होतं, तिच्यावरच टाकले. सकाळी ती आणखी पसरलेली.

शालिकभाऊ म्हणाले, "आपली थुंकी आपल्याले कायले लागन?"

मॅडम हसल्या नाहीत. "तिलेही लागते, भाऊ. म्हणून ती विष आत बंद कप्प्यात ठेवते. अन् साचायच्या आधी पेशीतल्या पंपानं बाहेर फेकते."

०

पुढे मॅडमच्या मैत्रिणीनं दुसऱ्या लॅबमधून बुरशी वाढवलेली एक प्लेट पाठवली. बुरशी तीच, फक्त तिच्यातला पंपाचा जीन काढून टाकलेला. दोन-तीन दिवस ती छान पसरली. मग विष बनवायला लागली, आणि जागच्या जागी करपत गेली. तिला कुणी काही केलं नव्हतं.

शालिकभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा एक प्लेट धुवायला नकार दिला. "सोतालेच मारलं हिनं. मी नाई धूत."

मीच धुतली. दोनदा.

०

आणि हा किस्सा शालिकभाऊंच्या अंगठ्याचा. कितीही सांगा, ते हातमोजे घालायचे नाहीत. उजव्या अंगठ्याचं नख पांढरं पडून जाड झालं, तेव्हा मॅडमनी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. नखाचा थोडा कीस आमच्याकडेही वाढायला ठेवला. आठवड्यात प्लेटवर गुलाबीसर कापूस उगवला.

मी त्याच्यावर आमच्या विषाचे थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी कापूस थेंबांना ओलांडून पुढे गेला होता, आमच्या बुरशीसारखाच.

शालिकभाऊ प्लेटकडे बघत राहिले. "हे माह्या नखात राहून विष बनवून राहिलं. मंग मले काहून काई नाई झालं?"

मॅडमनी त्यांचा पांढरा अंगठा उलटसुलट पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "नख गेलं ते काई नाई काय, भाऊ? आणखी पसरलं का पाहू. डावा हात दाखवा."