पंधरा बोटांची जीप

आमच्या घरी कोणी आलं की आधी ती जीप बघतं, मग माझ्या नवऱ्याला. जीप त्याच्या खाटेसमोर स्टुलावर असते. पंधरा बोटं लांब, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, हिरव्या रंगाची. बघणारा म्हणतो, किती हो सेवा करता तुम्ही त्यांची. मागं बाभुळगावहून नात्यातल्या बाया आल्या होत्या, त्यातली एक तर पदर डोळ्याला लावून बसली. मी तिला चहा दिला, पापड भाजून दिले. खरं काय ते सांगितलं नाही. इथं सांगते.

आमचा तांडा राळेगावच्या रस्त्यापासून थोडा आत आहे. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतो, पण मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण अक्षरं मला मराठीच येतात. तीही शाळेतली नाहीत. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो ज्या गाडीवर असेल तिची पाटी वाचायची, राळेगाव, यवतमाळ, मुकुटबन, असं करत शिकले. म्हणून माझं लिहिणंही एसटीसारखंच आहे, कोणी हात दाखवला की थांबते. चालवून घ्या.

जीप आमची पहिली गाडी आणि शेवटचीही. कुठल्याशा सरकारी लिलावातली, जुनी, दारं नसलेली, वर ताडपत्रीचा हूड. नवरा ड्यूटीवर गेला की चारचार दिवस ती अंगणात उभी. तेव्हा त्यानंच मला शिकवलं. कापूस निघाल्यावर वावर मोकळं होतं, त्यात. शेजारी बसून ओरडायचा, क्लच सोड, अशी नाही, अंड्यावरून पाय काढल्यासारखा सोड. सगळा तांडा बांधावर बसून बघायचा, म्हातारे सुपारी कातरत कातरत. माझे पाय पुरत नव्हते. सुताराकडून एक फळी करून घेतली, ती पाठीमागं उभी लावायची, तिच्यावर गोधडीची घडी, मग क्लचला पाय लागे. नवरा चालवायला बसला की ती फळी उचलून मागं फेकायचा. फळी सीटवर असली की गाडी माझी, मागं असली की त्याची, हे तांड्यातलं लहान पोरसुद्धा जाणायचं.

दोन हंगाम मी चालवली. वेचणीच्या बाया भरून न्यायची, संध्याकाळी आणायची. आज गुडघे दुखतात, पण ते दोन हंगाम आठवले की अजून डावा पाय आपोआप दाबला जातो.

मग तो दिवस. माझी मोठी जाऊ, नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको, जीपच्या मागच्या सावलीत बसून बोंडांतून कापूस काढत होती. आमच्याकडे झाडं कमी, बाया सावली दिसेल तिथं बसतात, आणि उभ्या जीपची सावली चांगली दाट पडते. नवऱ्याला ड्यूटीची घाई. मला डेपोपर्यंत सोबत यायचं होतं, म्हणजे जीप परत आणायला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि म्हणाले, थांबा, मी उतरून मागं बघते. तुम्हाला माहीत असेल, एसटी मागं घेताना कंडक्टर मागं उभा राहतो, पत्र्यावर थाप मारतो, येऊ द्या, येऊ द्या म्हणतो. त्याशिवाय ड्रायव्हर गाडी मागं घेत नाही. नवऱ्यानं उभ्या जन्मात एसटी तशी घेतली नाही. पण घरची जीप, बायको शेजारी. तो म्हणाला, बस तू, मले दिसून राह्यलं. आणि घेतली.

जाऊ ओरडली तसा तो घाबरला, पहिला गियर टाकून जीप पुढं काढली ती थेट गोठ्याच्या खांबावर. डाव्या बाजूचा मडगार्ड चेपला, माझा गुडघा फुटला. तो उतरला. मागं जाऊन बघून आला. तोंड पांढरंफटक. मग त्यानं काय केलं, तर मागं पडलेली फळी उचलली, मला सरक म्हणाला, उजवीकडच्या सीटवर ढकललं आणि फळी माझ्या पाठीशी लावली.

"तू चालवत होती. माही नौकरी जाते, समजलं का? बाईवर कोणी केस करत नाही."

माणसं वावरातून धावत आली तेव्हा मी स्टेअरिंग धरून बसलेली, पाठीला फळी.

ते धरलेलं स्टेअरिंग शेवटचं. जावेचा पाय मांडीपासून गेला नाही, एवढंच नशीब, पण हाड जुळलं ते वाकडं. तिचे भाऊ आले होते, डेपोत तक्रार करायच्या तयारीनं. चालवणारी बाई आहे म्हटल्यावर तांड्यातच मिटवा म्हणाले. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर पंच बसले. ठरलं असं, की मी यापुढं गाडीला हात लावायचा नाही, आणि जाऊ उठेपर्यंत तिचं सगळं मी करायचं. पाणी, भाकरी, न्हाणं, सगळं. जाऊ उठायला दीड वर्ष लागलं. शिव्या द्यायला तिला उठावं लागत नव्हतं. सकाळी मी तिचं तोंड धुवायची आणि ती धुतल्या तोंडानं सुरू व्हायची. रांडेले गाडी पाह्यजे होती. पाय मोडून मरशील, पाणी पाजाले कोणी राह्यणार नाही. पुढं ती काठी घेऊन चालायला लागली, तरी रोज माझ्या दारात येऊन एखादी तरी देऊन जायची. बत्तीस वर्षं.

आणि दीर, म्हणजे माझा नवरा, तिचा लाडका. तो यवतमाळहून तिच्यासाठी एका पायाला जाड तळ असलेली चप्पल बनवून आणायचा, दर वर्षी नवी. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा.

एवढ्या वर्षांत मी नवऱ्याकडे काही मागितलं नाही, सोनं नाही, लुगडं नाही. एक वाक्य मागितलं. चार माणसांत म्हणायचं, मी चालवत होतो. तो म्हणाला होता, रिटायर झालो की सांगतो. रिटायर झाला, हार घातले, जेवण झालं. मी त्या दिवशी नवीन लुगडं नेसून वाट बघत बसले. नंतर विचारलं तर म्हणे, आता कायले जुनं उकरते? जीप तर केव्हाच भंगारात गेली.

दोन वर्षांमागं त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हणजे माझं वाक्यही गेलं.

मी त्याला जन्मभर तुम्ही म्हणत आले होते. दवाखान्यातून आणल्यावर आठ दिवसांनी तू म्हणायला लागले. त्यानं डोळे मोठे केले. बाकी काय करणार होता?

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, यांना जुन्या गोष्टी दाखवत जा, फोटो वगैरे, डोक्याला चालना मिळते. जीपचा फोटो आमच्याकडे नव्हता. मी म्हटलं, बनवते.

माप माझ्या अंगावरच होतं. बोनेट कमरेला लागायचं, सीट मांडीला, चाक गुडघ्याच्या वर चार बोटं. खऱ्या जीपच्या एका वितीला इथं एक बोट, असं धरलं. डब्याचा पत्रा कापला. चाकं जुन्या रबरी चपलेची, हूड छत्रीच्या कापडाचा. हेडलाइटला माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, फेटियाचे दोन आरसे काढून लावले. ती घागऱ्यावर पन्नास आरसे टाकायची, दोन गेले तर रागावणार नाही.

सगळं त्याच्यासमोर बसून केलं. आणि खरं सांगते, त्याला आवडायला लागलं होतं. मी विचारायची, गियरचा दांडा इथं ना? तो डोळा मिटायचा. स्टेपनी मी डाव्या बाजूला लावली तर डावा हात उचलून मागं, मागं असं दाखवलं. बरोबर होतं, मागंच होती. त्या हातात हळूहळू पकड आली, वाटी धरायला लागला. डॉक्टर मला म्हणाला, आजी, तुम्ही तर कमाल केली. त्या दिवसांत आम्ही दोघं चांगले होतो. मी गाणी म्हणायची काम करता करता, तो ऐकायचा.

मग जीप पूर्ण झाली, रंग वाळला. मी खलबत्त्याचा बत्ता घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत डाव्या मडगार्डवर मारला. एकच. बरोबर तिथंच चेपला.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी खाट फिरवली. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटून घेतले. मी चहाची कपबशी जीपशेजारी ठेवली आणि म्हटलं, आधी पाह्य, मग चहा. पहिल्या दिवशी चहा थंड झाला, सायीचा थर आला, मी ओतून दिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं. पाणी सुटलं डोळ्यांना. मी ते पुसलं, टॉवेलनं, हलक्या हातानं, आणि चहा पाजला. असं दोन महिने चाललं. येणारे जाणारे म्हणत होते, बघा, जीपकडं बघून डोळे कसे भरून येतात.

मला त्याचे अश्रू नको होते. वाक्य पाहिजे होतं. बोलता येत नाही तर हात आहे, आणि हातात पकड मीच आणली होती. मी आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा तासला, माझ्या फळीच्या मापाचा. सीटमागं तेवढी खाच ठेवलीच होती.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट, दुपार होती. जाऊ दारात आली, नेहमीची शिवी दिली, काठी टेकवत आत येऊन दिराच्या पायाशी बसली. मी म्हटलं, बाई, आज जरा थांबा, तुमचे भाऊजी तुम्हाले काही सांगणार आहेत. ती हसली, मुका सांगणार काय म्हणे.

मी काडी त्याच्या डाव्या तळहातात ठेवली. जीप जवळ सरकवली.

"बाईचा पाय मोडला त्या दिवशी फळी कुठं होती? ठेव."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. हात उचलला. काडी सुटली नाही. आधी तो जीपच्या मागच्या भागावर गेला, जिथं फळी फेकायचा तिथं. बत्तीस वर्षांचं माझं सगळं त्या दोन बोटांत होतं. तिथं हात थांबला. मग पुढं आला. त्यानं फळी ड्रायव्हरच्या सीटवर, खाचेत बसवली, आणि नीट उभी राहावी म्हणून अंगठ्यानं दाबली.

वाचा गेलेला माणूसही खोटं बोलू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

बोलली ती जाऊ. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा.

"आता तरी नीट ठेवाची होती, भाऊजी. मी जमिनीवर पडली होती. जीपच्या खालून मले पलीकडचं सारं दिसत होतं. उजव्या बाजूनं खाकी पँट उतरली."

तो छताकडे बघायला लागला. मी तिला विचारलं, म्हणजे तुम्हाले तेव्हापासून माहीत होतं?

"तेव्हापासून."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"त्याच्या नौकरीवर दोन्ही घरच्या चुली पेटत होत्या. माहा नवरा तर बसून खाणारा."

"अन् शिव्या? मले कायले दिल्या बत्तीस वर्षं?"

तिनं जाड तळाची चप्पल काढून पाय चोळला.

"त्याले देता येत नव्हत्या. पोटात ठेवून काय करू? तू घेत होती, म्हणून तुले दिल्या."

मी तिची घाण काढली होती, दीड वर्ष. तिचे केस विंचरले होते. त्या वेळी प्रत्येक सकाळी तिला माहीत होतं. मला उठून तिची काठी हिसकावून घ्यावीशी वाटली. पण मी चुलीकडं गेले आणि चहा ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. तीन कप.

त्या दिवसापासून ती शिव्या देत नाही. येते, बसते, मी चहा देते. मला सकाळी दारात कान लावल्यासारखं होतं, शिवी आली नाही की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. हसाल तुम्ही.

फळी मी सीटवरून काढली नाही. त्यानं स्वतःच्या हातानं मला तिथं बसवलं आहे, तर मी चालवते. रोज दुपारी त्याला पुसून, पावडर लावून झालं की चादर ताणून घेते आणि जीप खाटेवर ठेवते. खाटेच्या कडेनं नेते, वळवते, मग त्याच्या उजव्या पायापाशी आणून पाठमोरी उभी करते. त्या पायाला काही कळत नाही. तो मात्र डावा हात चादरीत घट्ट धरतो.

जाऊ पायथ्याशी बसलेली असते. ती खाटेच्या लोखंडावर थाप मारते, कंडक्टरसारखी.

"येऊ दे," म्हणते. "येऊ दे. येऊ दे."

आणि मी मागं घेते.