पलंगाखालचं औषध

सिंदेवाहीच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या फिरत्या दवाखान्याच्या जीपमागे जोडायची एक छोटी बंद ट्रॉली मी त्याच्याकडून बांधून घेत होते. पावसाळ्यात भामरागडचे रस्ते बंद झाले की आम्ही आठ-आठ दिवस तिकडेच अडकायचो. म्हणून तिच्यातच मी आणि सिस्टर झोपणार, तिच्यातच औषधं राहणार. जागा काही पुरेना. काळजीने मी आराखडा रोज खोडायची, रोज नव्याने काढायची.

तो कागद बघायचा, खडूचा तुकडा कानामागे खोचायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा. शेवटी दोन्ही पलंगांखाली पेट्या आणि त्यांना वरून उघडणारी झाकणं, असं मी ठरवलं. इंच न् इंच कामी आला म्हणून जरा हायसं वाटलं.

पहिलं झाकण बसलं, तसा तो चपला काढून त्यावर आडवा झाला. डोळे मिटून घेतले.

"काढा आता सापाचं औषध."

"उठा ना, भाऊ."

तो हलला नाही. मला राग आला. "उठा म्हणते ना!"

"डॉक्टरीणबाई, आजारी माणसाले उठता आलं असतं, तं तो तुमच्याकडे आला असता काऊन?"

ते झाकण काढून त्याने दोन्ही पलंगांखाली समोरून ओढायचे कप्पे केले. मी आराखडा पुन्हा उघडला. एका पलंगावर माझं नाव होतं, दुसऱ्यावर सिस्टरचं. आजाऱ्याला मी कुठेच झोपवलं नव्हतं.