टाचणीकाकांनी टाकलेल्या चिठ्ठ्या

विद्यापीठाच्या कागदपत्र विभागात त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. इतिहासाचे प्राध्यापक गेले, की त्यांचे कागद इथे येत. काका गंजलेल्या टाचण्या काढत, कागद खोक्यांत लावत, यादी करत. रद्दीत जाणाऱ्या कागदांच्याही टाचण्या काढून बिस्किटांच्या डब्यात टाकत. उगाच रद्दीवाल्याच्या बोटाला नको. एकतीस वर्षांत डबा भरला होता, आणि काकांची मान ताठ होती.

एका मंगळवारी इतिहासाच्या दिवंगत मोठ्या सरांच्या पत्नी नातीला घेऊन आल्या.

“यांच्या पुस्तकासाठी चार वर्षं जुनी दफ्तरं मी धुंडाळली. सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. हिला खोटं वाटतं.”

“आजी, खोटं कुठे म्हटलं? पुस्तकात तुझं नाव नाही, एवढंच म्हटलं.”

काकांना एकदम आठवलं. दोन खोकी चिठ्ठ्या! अक्षर सरांचं नाही, म्हणजे कुणा कारकुनाच्या, असं ठरवून त्यांनीच रद्दीत घातल्या होत्या. कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

“शोधून ठेवतो, बाई.”

पुढच्या मंगळवारी म्हणाले, “वरच्या फळीवर असतील.” त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यांना ताप आला.

बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला. “ताप कसला? थंडगार आहात. काय करून ठेवलंय?”

चौथ्या मंगळवारी काकांनी डबा टेबलावर ठेवला. “बाई, चिठ्ठ्या मी टाकल्या.”

“टाकल्या?” नात ओरडली. “अहो, तुमचं काम ठेवायचं ना?”

दोन दिवस डबा चाळून सापडलेली एक टाचणी काकांनी पुढे केली. ती ओढताना फाटलेला चिठ्ठीचा कोपरा अजून अडकला होता. निळ्या शाईत ‘पान ४१७ पाहा’.

बाईंनी चष्मा पुसला. “सात माझाच. या सातावरून यांची-माझी किती भांडणं व्हायची!” हसल्या, आणि हसू तिथेच विरलं. “चार वर्षं हो...”

काकांनी यादीची वही ओढली. “तुमचं पूर्ण नाव?”

बाईंनी सावकाश सांगितलं. काकांनी ते वहीत घातलं आणि पुढे लिहिलं: खोकी अकरा, बारा. संशोधनाच्या चिठ्ठ्या, यांच्या हस्ताक्षरात. रद्दीत गेल्या.

बाई वाकून वाचत होत्या. “गेल्या? आपण होऊन?”

काकांनी ‘गेल्या’ खोडलं, ‘टाकल्या’ लिहिलं आणि पुढे स्वतःचं नाव घातलं. एकतीस वर्षांत त्या यादीत ते पहिल्यांदाच आलं होतं.