लोकांनी आखलेला रस्ता

पोलिसाची पहिली लाठी सूर्यभानच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्याच्या बहिणीने, पार्वतीबाईंनी, रस्त्यापलीकडून ऐकला. मागोमाग बुलडोझरने त्याचा हातगाडा चेचला. नारायणगुड्याच्या त्या गल्लीत संत्र्यांचा आणि रक्ताचा एकच चिखल झाला. बाया किंचाळत होत्या, पोरं दगड उचलत होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी शिवीसकट पार्वतीबाईंचंच नाव होतं.

असणारच. गल्लीत सरकार आणलं होतं त्यांनीच. मराठवाड्यातून या परराज्यातल्या शहरात आलेल्या बौद्ध घरातल्या या बाई तोंडाने फटकळ, पण आईमागे धाकट्या सूर्यभानला त्यांनीच वाढवलं. एका सरकारी खात्यात वस्त्यांतली माणसं जमवायचं काम त्यांच्याकडे होतं. राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते आणि आपली खुर्ची कुठल्या तुकड्यात पडणार, या धास्तीने त्या खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याला, अप्पाराव साहेबांना, काहीतरी नवं करून दाखवायचं होतं. ते नवं म्हणजे 'डिझाइन'. रस्ता कचेरीत बसून आखायचा नाही; फेरीवाल्यांनीच चुन्याने आपापले चौकोन आखायचे, तिथे बसून बघायचं, नाही जमलं तर पुसून पुन्हा आखायचं. कल्पना वाईट नव्हती. पार्वतीबाई तर हरखूनच गेल्या. जन्मात पहिल्यांदा कुणी साहेब 'तुम्हाला काय हवं' असं विचारत होता!

पण साहेबापुढे हात राखून मागायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. मागताना थोडं मागायचं, मग बसताना ऐसपैस बसायचं. सगळे घरी गेल्यावर पार्वतीबाईंनी भावापासून सुरुवात करून एकेक चौकोन पायाने पुसला आणि निम्मा केला. साहेब खूश होईल, पुढे वाढवून घेऊ, असा हिशेब. लोकांना वाटलं, साहेबानेच छाटले. साहेबांनी फोटो काढला आणि त्याच फोटोवर हुकूम सोडला की चौकोनाबाहेरचं सगळं उचला.

पुढे चौकशीची सभा भरली. मागच्या बाकांवर डोकी फुटलेले फेरीवाले बसले होते, त्यांत हात प्लास्टरात घातलेला सूर्यभानही होता. अप्पारावांनी फोटो उंच धरला.

"ये लाइनां हम नहीं, लोग खींचे. पूछो पार्वतीबाई से."

हो म्हटलं तर रेघा लोकांच्याच ठरल्या, हुकूम पक्का झाला, गल्ली कायमची गेली. खरं सांगितलं तर भाऊ गेला. पार्वतीबाई उभ्या राहिल्या.

"लोगां नईं खींचे, साब. मैं खींची. सबके मिटा को छोटे करी."

"अक्का, तू?" सूर्यभान बाकं ओलांडत आला. हात चालत नव्हता, म्हणून त्याने लाथ घातली. पार्वतीबाई टेबलावर आदळल्या, ओठ फाटला. त्याने दुसरी लाथ उगारली तेव्हा चौघांनी त्याला धरलं.

"सोडा त्याला, मारू द्या," तोंडातलं रक्त थुंकत पार्वतीबाई म्हणाल्या. "साब, तुम पैले लिखो. लोगां नईं खींचे."