सलग तीस किलोमीटर

मी जनावरांचा डॉक्टर. सिरसाळ्याच्या बाजूला एका गावात माझा खाजगी दवाखाना आहे, म्हणजे एक शटर, औषधांचा एक फ्रीज आणि बाहेर लिंबाखाली जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मी मधे न उठता एक जेवण धड पूर्ण केलं असेल तर शपथ. माझ्या स्वतःच्या हळदीतून मी उठून गेलो होतो, एका व्यालेल्या गाईचा जार पडत नव्हता म्हणून. मुलीच्या दहावीचा निकाल मला एका गोठ्यात कळला. हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात होता आणि फोन म्हशीच्या मालकाने माझ्या कानाला लावून धरला होता. मुलगी मार्क सांगत होती आणि मी तिला म्हणत होतो, जरा थांब, पाय सापडला.

चाळिशी ओलांडली की आमच्याकडे माणसं देवदेव करतात नाहीतर प्लॉट घेतात. मी बेचाळीस किलोमीटर पळायचं ठरवलं. मला शुगर नव्हती, पोट सुटलेलं नव्हतं, कोणी पैज लावली नव्हती. मला फक्त एक गोष्ट सुरू करून तीच संपवायची होती, मधे कोणी हाक न मारता. चार-पाच तास कोणाच्याही मालकीचे नसलेले. एवढीच हौस होती आणि ती मी घरातसुद्धा कोणाला नीट सांगितली नाही, कारण ऐकायला ती भांडणासारखी वाटली असती.

इंटरनेटवरून सोळा आठवड्यांचं वेळापत्रक उतरवून घेतलं, झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रिंट काढली आणि दवाखान्यात फ्रीजवर चिकटवली. बाराव्या आठवड्याच्या रविवारी तीस किलोमीटर होते, सलग. खाली बारीक अक्षरात सूचना होती की ज्याला हे जमणार नाही त्याने मॅरेथॉनच्या फंदात पडू नये. मी त्या रविवारभोवती लाल गोल केला. तीस झाले तर फॉर्म भरायचा, नाही झाले तर बूट बायकोच्या भावाला देऊन टाकायचे.

त्याच वेळापत्रकात लिहिलं होतं की सुरुवातीला इतक्या सावकाश पळा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. हे लिहिणारा माणूस आमच्या रस्त्यावर एकदाही आलेला नसणार.

आमच्याकडे ओळखीचा माणूस पायी दिसला आणि गाडी न थांबवता पुढे गेलं तर ते भांडण समजतात. आणि गाडी थांबवून कोणी ‘बसा’ म्हटल्यावर न बसणं हे तर उघडउघड वैर. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरांत मला पाच जण ‘बसा’ म्हणाले. मी हात जोडून पळत राहिलो. पाचवा माझ्या वेगाने गाडी चालवत बाजूने येत राहिला.

“कावून डाक्टर, आमचं काय चुकलं का?”

“काही नाही हो, मी पळतोय.”

“पळू नका, बसा की. मी तिकडंच चाललोय.”

“मी कुठंच चाललो नाही!”

संध्याकाळी तो बायकोला घेऊन दवाखान्यात आला. गेल्या महिन्यात त्याच्या बैलाला सुई टोचताना बैलाने मला लाथ मारली होती, त्याचा राग मी धरला असणार अशी त्या दोघांची खात्री होती. त्यांना चहा पाजून मी समजूत काढली. ती लाथ मी विसरलोही होतो.

तिसऱ्या दिवशी याहून मोठा घोळ कळला. जनावरांचा डॉक्टर पहाटे पळत चाललाय म्हणजे कुठेतरी एखादं जनावर नक्की मरायला टेकलंय, असं लोक धरून चालले होते. मी पळायला लागलो की कोणीतरी गाडीला किक मारायचा आणि मदतीला मागे यायचा. त्या दिवशी माझ्या मागे चार मोटरसायकली होत्या आणि एकाच्या खांद्यावर कासरा होता. पुढच्या फाट्यावर कोणीतरी आधीच फोन केला होता. मी पोचलो तेव्हा तिथे एक गृहस्थ गरम पाण्याची बादली, साबण आणि टॉवेल घेऊन उभे. “कुणाची अडली?” त्यांनी विचारलं. कोणाचीच अडली नव्हती. त्यांचा चेहरा इतका पडला की मी त्या पाण्याने हात धुतले.

याच रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं रोज पळतात. त्यांना कोणी बसा म्हणत नाही. त्यांच्या पळण्याच्या टोकाला नोकरी आहे, ते लोकांना कळतं. माझ्या पळण्याच्या टोकाला काय आहे, हे मला पटवून देता येत नव्हतं. नुसतं पळायला आलोय म्हटलं की माणूस आधी हसायचा आणि मग बायकोची चौकशी करायचा.

अकरा आठवड्यांत माझं एकही पळणं सलग झालं नाही. वेळापत्रकावर मी रोजची नोंद करायचो, ती वाचून आता मलाच हसू येतं. सहा किलोमीटर, मधे चहा. दहा किलोमीटर, मधे दोन इंजेक्शनं. चौदा किलोमीटर, मधे एका साखरपुड्याला हजेरी, फोटोसकट. त्यावेळी मात्र हसू येत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जात होती.

अकराव्या रविवारी चोवीस किलोमीटर होते. एकोणीस झाले. गावाच्या अलीकडे चौकातल्या हॉटेलासमोर एक माणूस बकरीला कवेत घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी गंभीर असेल. थांबलो. तो म्हणाला, “डाक्टर, हात लावून सांगा, ही किती म्हयन्याची गाभण आसंल?”

माझा तोल गेला. हॉटेलात पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यांच्यासमोर मी ओरडलो. ज्या भाषेत मी इतर वेळी बोलत नाही त्या भाषेत ओरडलो. “उद्यापासून मी पळताना माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई! कुणी आडवायचं न्हाई! गाव पेटलं तरी न्हाई!”

बकरी तेवढी ओरडली. मग एका बाकावरून आवाज आला, “बराबर हाय. चालत्या गाडीत डायवरशी बोलायचं नसतं.” ते एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले मामा होते. नात्याने माझे कोणी नाहीत, पण गाव त्यांना मामाच म्हणतं. दोन म्हशी सांभाळतात, दुधात पाणी घालत नाहीत आणि रांग मोडणाऱ्याला भर बाजारात सुनावतात. “डाक्टरसाहेबांनी सांगितलं ना? मंग पाळायचं सगळ्यांनी,” ते म्हणाले. मला त्यांचा फार आधार वाटला. त्याच दिवशी पेंटरला बोलावून मी शटरशेजारी लिहून घेतलं: सकाळी पाच ते नऊ डॉक्टर पळत असतात. रस्त्यात अडवू नये, बोलू नये.

आणि लोकांनी ते पाळलं, हे विशेष. त्या आठवड्यात मला एकही जण बसा म्हणाला नाही. गाड्या जवळून जायच्या आणि चालवणारा मान दुसरीकडे वळवायचा. शेतावर निघालेल्या एका म्हातारीने मला बघून तोंडावर पदर धरला, चुकून शब्द बाहेर पडू नये म्हणून. मला थोडं लागलं. पण मी सलग आठ पळालो, सलग बारा पळालो, आणि लागलेलं विसरलो.

मग तो रविवार आला. फोन बंद करून कपाटात ठेवला आणि पाचला निघालो. थंडी होती, अंधार होता. परळीच्या बाजूने पंधरा जायचं आणि पंधरा यायचं. उसाचे दोन ट्रॅक्टर गाणी वाजवत गेले, तेवढाच आवाज. आठ किलोमीटर कसे गेले कळलं नाही. नवव्याला मागून मोटरसायकलचा आवाज आला. ती पुढे जाईना. माझ्याच वेगाने दहा-बारा पावलं मागे राहिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मागे न बघता मी हात वर केला आणि जा, जा असा हलवला.

ती गेली नाही आणि कोणी बोललंही नाही. दिव्याचा उजेड माझ्या पायापुढे पडत होता, खड्डे दिसत होते. जवळजवळ एक किलोमीटर तसंच चाललं. मग गाडी थांबली, वळली आणि आवाज लांब गेला. माझ्या रागाचं पाणी झालं. मला वाटलं, कोणीतरी केवळ उजेड दाखवायला आलं होतं. अखेर या लोकांना कळलं. खरं सांगतो, मला तिथे रडू आलं आणि मी रडत पळालो.

पंधराला वळलो. वीसनंतर गुडघे बोलायला लागले, सत्तावीसनंतर ते शिव्या द्यायला लागले, पण मी थांबलो नाही. दवाखान्यासमोर घड्याळ बंद केलं तेव्हा आठ चाळीस झाले होते. तीस किलोमीटर, मधे काही नाही.

खोड्याशेजारच्या दगडावर मामा बसले होते. गाडी स्टँडवर लावलेली. मला बघून ते उठले.

“झालं का?”

“झालं मामा! सलग तीस!”

“लई भारी!” त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांना खरोखर आनंद झाला होता. मग म्हणाले, “आता चलता का? म्हैस अडली हाय. चारला पाणमोट फुटली.”

मला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. “माझ्या मागं तुम्ही होतात?”

“हां. तुमचा फोन लागंना. सिरसाळ्याचे डाक्टर लग्नाला नांदेडला गेलते. म्हणून आलतो तुमच्याकडं. पर तुमी पळत होते. हात बी केला, जा म्हणून.”

“अहो आवाज तरी द्यायचा!”

“तुमीच न्हाई म्हणलते ना,” मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. चूक दाखवायचीही नव्हती. ते मला फक्त कारण सांगत होते. “मागच्या येताला बी व्यायला लई टाइम लागलता तिला. म्हणलं, तुमचं हून जाऊ द्या.”

मी बॅग उचलली आणि त्यांच्या गाडीवर बसलो. त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा आहे. मामी गोठ्यात म्हशीच्या डोक्याशी बसल्या होत्या, तिच्या कपाळावरून हात फिरवत. दोन्ही पुढचे पाय बाहेर आलेले होते आणि मुंडकं आत मागे वळलेलं. अशा शेकडो सोडवल्या आहेत मी. वेळेत गेलं तर पाय आत लोटायचे, मान धरून सरळ करायची, अर्ध्या तासाचं काम. मी गुडघ्यावर बसलो तर मांडीत गोळा आला आणि ओरडलो. मामांनी माझी मांडी चोळली. त्यांची म्हैस अडलेली आणि ते माझी मांडी चोळत होते.

मान सरळ करायला चाळीस मिनिटं लागली. रेडकू बाहेर आलं, वगार होती. काळीभोर, कपाळावर चांदा, चांगली भरलेली. जीभ सुजून बाहेर आली होती. मी तिला पोत्याने खसाखसा पुसलं, उलटी धरली, नाकपुड्यांत फुंकलं, छाती दाबली. ती गरम होती, म्हणून मी दाबत राहिलो. शेवटी मामांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ऱ्हाऊ द्या. म्हैस तर वाचली ना? बास झालं.”

मामी चहा करायला गेल्या. मामांनी माझ्या हातांवर पाणी घातलं आणि घालता घालता म्हणाले, “मंग आता फारम भरायचा ना तुमाला? भरा. एवढं पळलाव, ते वाया घालू नका. आन् पळताना पुन्हा कुणी आडवलं तर मला सांगा, मी बघतो त्याच्याकडं.” मी मान खाली घालून साबण लावत होतो. मला त्यांनी एक शिवी द्यायला हवी होती. एका शिवीने मी सुटलो असतो.

मामी चहाची कपबशी घेऊन आल्या. माझ्या हातात बशी देऊन त्यांनी वगारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “डाक्टर, हिला जाऊन किती टाइम झाला आसंल?”

“ते सांगता येत नाही मामी,” मी म्हणालो.

सांगता येत होतं. अंगाची ऊब, डोळे, जीभ, सगळं मला दिसत होतं. ती आठपर्यंत तरी जिवंत होती. आठ वाजता मी चोविसाव्या किलोमीटरच्या पुढे होतो आणि मला फार बरं वाटत होतं.