फागीचा वळलेला हात

फागीला आयुष्यात कुणी भित्री म्हटलं नव्हतं. जामसरजवळच्या पाड्यावर ती सुईण होती, आणि सुईणीने भ्यायचं नसतं, निदान बाळंतिणीच्या देखत तरी. आताशा पाड्यावरच्या पोरी बाळंतपणाला गाडीने जव्हारच्या दवाखान्यात जातात. फागी त्यांच्या उशाशी बसून सोबत जाते, आत काय सांगायचं ते सांगते आणि बाहेर बाकावर पान चघळत बसते. त्या दिवशी मात्र तिलाच तिथे आडवी नेली होती.

झालं असं, की भाताच्या रोपांची जागा भाजायची म्हणून ती ऐनाच्या फांद्या तोडायला गेली. बांधावरून पाय सरकला आणि हातातला कोयता तिच्याच पोटरीत बसला. नात सपना जवळच होती. तिने ओढणी काढून जखमेवर आवळली आणि ओरडून पाड्यावरच्या रघ्याची जीप थांबवली. जव्हारच्या चढापर्यंत ओढणी भिजून चिंब झाली होती. फागीचे ओठ पांढरे पडले होते आणि ती सारखी पाणी मागत होती.

डॉक्टरांनी टाके घातले, रक्ताच्या पिशव्या एकामागून एक चढवल्या. तरी पट्टीवरचा तांबडा डाग थांबेना. नर्सने पेनाने त्याच्या कडेने रेघ ओढली होती. डाग ती ओलांडून पुढे गेला, म्हणून तिने दुसरी ओढली.

आधी फागीच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. मग बोटांत. मग उजव्या हाताचा अंगठा आपसूक तळव्यात ओढला गेला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि मनगट खाली वळलं.

फागी त्या हाताकडे बघत राहिली. तो आकार तिच्या ओळखीचा होता. बाळामागची वार आत अडकली की ती काढायला सुईण बोटं अशीच जुळवून हात निमुळता करते. तिची सासू सोमी, जिने तिला हे काम शिकवलं, तिने पहिल्यांदा असाच हात धरून दाखवला होता. आणि मरायच्या दिवशी, जुलाबांनी अंग वाळून गेलेलं असताना, सोमीचा हात कुणी न सांगता असाच वळला होता. फागीने तिची बोटं सोडवायला किती जोर लावला, ती सुटली नाहीत. जमलेल्या बाया कुजबुजल्या होत्या, "सुईणीचा हात वळला. मरून तिकडं गेलेल्या बाळंतिणी बोलावतात तिला." दिवस मावळायच्या आत सोमी गेली.

"सपने, हात बघ माझा."

"अवघडला असंल, आजे. चोळते."

"चोळून नाय सुटायचा. सोमीचा असाच झाला व्हता. ही नळी काढ, मना घरी ने. मना इथं नाय मरायचं."

"अगं, रगत चाललंय त्यातून!"

"तेच तं! कोनाचं रगत, कोन जाने. त्याच्यातूनच कोनी आलंय माझ्यात. काढ म्हनते ना!"

आणि त्याच वळलेल्या हाताने ती नळीला हिसके द्यायला लागली. सोमीची गोष्ट सपनाने लहानपणापासून ऐकली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजी खरंच चालली असेल, तर तिला परक्या खाटेवर कसं जाऊ द्यायचं? तिची बोटं क्षणभर सुईवरच्या चिकटपट्टीपर्यंत गेली. पण पोटरीच्या पट्टीवरचा डाग तिला दिसला, आणि तिने नळीऐवजी आजीचं मनगट दाबून धरलं.

"सिस्टर! ओ सिस्टर, धावा!"

वर्षा नावाची नर्स, मोखाड्याकडची, धावत आली. तिने हात पाहिला मात्र, डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी फागीच्या कानापुढे गालावर बोटाने टकटक केलं. ओठाचा कोपरा उडाला.

"कॅल्शियम भरा. अगदी हळू द्या, ठोके बघत."

सुई देता देता वर्षा सांगत होती, "आजी, पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात. ते कॅल्शियमला धरून बसतं. तुम्हाला पिशव्या घाईने द्याव्या लागल्या, म्हणून त्याने तुमच्या रक्तातलंही धरलं. ते कमी पडलं की बोटं अशी वळतात. जखमेच्या तोंडाशी रक्तही नीट गोठत नाही."

"क्याल्सम म्हंजे काय गं?"

"चुन्याच्या जातीचंच असतं."

"चुना? मंग माझ्या चंचीत हाय की डबी. आधी नाय का सांगायचं?"

"ती पानाला ठेवा. तो चुना लावाल तर जखम भाजेल. हे सुईतलं वेगळं."

वर्षा हसली. फागीला हसू आलं नाही. सुईतलं औषध शिरलं तशी तिच्या गळ्यातून एक ऊब निघून छातीत, पोटात उतरत चालली होती. हेच ते, तिला वाटलं, असंच जातात. तिने डोळे गच्च मिटले.

"आजे, अंगठा सुटला!"

अंगठा खरंच तळव्यातून बाहेर आला होता. मग करंगळी सैल पडली, मग बाकीची बोटं. बराच वेळ वाट पाहून वर्षाने पट्टी बघितली. डाग दुसऱ्या रेघेच्या आतच होता.

"रक्त धरायला लागलं," डॉक्टर म्हणाले. "पुढे कडेकडेने कातडी सरकत जखम भरेल, तिलाही कॅल्शियम लागतं. घरी नागलीची भाकर सोडू नका, नाचणीत ते भरपूर असतं."

"मी कशाला सोडू? ही पोरं सोडतात," फागी सपनाकडे बघत पुटपुटली.

"पण रक्त अजून कमी आहे. आणखी एक पिशवी द्यावी लागेल."

फागीचा चेहरा उतरला. "तीच? परत तीच?"

"या वेळी सावकाश देऊ. नाही दिली तर जीव धोक्यात आहे, आजी."

फागीने वर टांगलेल्या नव्या पिशवीकडे बघितलं, मग सुई असलेला हात स्वतःच पुढे केला.

"सपने, बोटं बघत ऱ्हा. वळली तं लगेच सांग."

"बघते."

थेंब पडायला लागले. "वळली?"

"नाय."

"नीट बघ. आता?"

"नाय, आजे."

इतका वेळ टक लावून बघितल्यावर सपनालाही वाटलं, करंगळी हलली. तिने आजीच्या बोटांत आपली बोटं घट्ट अडकवली.

"वळली गं?"

"नाय," सपना म्हणाली.